वाडा पडला तरी तुळई जळू नये

सांगलीच्या गावभागात आमचा वाडा होता. पुढे सोपा, मध्ये चौक, मागे माजघर आणि वर माडी. चार पिढ्या त्यात नांदल्या. २०१९ च्या पुरानंतर मात्र तो उभा ठेवणं कोणालाच झेपेना. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. मातीच्या भिंती कित्येक दिवस पाण्यात उभ्या होत्या. पाणी उतरल्यावर एकेका भिंतीला पोट आलं, मग धोकादायक इमारतीची नोटीस आली, भाऊबंद जमले, सह्या झाल्या. वाडा पाडायच्या निर्णयाला माझा विरोध नव्हता, आजही नाही. माझं दुखणं त्यानंतरच्या चार दिवसांचं आहे.

पाडकामाच्या करारात एक ओळ होती : 'जुना माल ठेकेदाराचा.' ती आम्ही सगळ्यांनी वाचली आणि कोणी काही बोललं नाही. राडारोडा उचलायचे वेगळे पैसे पडणार नाहीत, एवढंच आम्हाला त्यात दिसलं. जेसीबी आला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गेले तेव्हा माजघरावरच्या, छताचा भार पेलणाऱ्या सहा तुळयांपैकी चार मधोमध मोडून पडल्या होत्या. वरून त्या चुलीच्या धुरानं काळ्या झालेल्या आणि मोडल्या जागी आतून नव्या गुळाच्या रंगाच्या. आयुष्यभर ज्यांच्याखाली जेवले त्या तुळया आतून अशा दिसतात, हे मला तेव्हा कळलं. ट्रक भरत होता. कुठे नेताय म्हणून विचारलं, तर ड्रायव्हर म्हणाला, "भट्टीला, ताई." वीटभट्टीला.

घरी येऊन मी हिशेब मांडला. एक तुळई बारा फूट लांब, आठ इंच बाय सहा इंच. म्हणजे चार घनफूट. सहा तुळयांचं चोवीस घनफूट सागवान. वाळलेल्या सागवानाचं एक घनफूट साधारण अठरा किलो भरतं, म्हणजे सव्वाचारशे किलोंच्या पुढे. सुक्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. झाडानं तो हवेतून घेतला आणि लाकडात साठवून ठेवला. हे लाकूड जाळलं की तोच कार्बन परत हवेत जातो, तोही जवळपास पावणेचार पट वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या रूपानं. आमच्या फक्त सहा तुळयांचे सुमारे आठशे किलो झाले. यात तुळयांवरच्या आडव्या कड्या, त्यांवरच्या पाट्या, खांब, वासे, दारं-चौकटी काहीच धरलेलं नाही. शंभर वर्षांहून जास्त काळ त्या लाकडानं हा ऐवज सांभाळला होता. मोडलेल्या चार तुळयांचा तो भट्टीत एका रात्रीत गेला असेल.

गेल्या काही वर्षांत गावभागात, मिरजेच्या जुन्या पेठांत, तिकडे साताऱ्यात आणि वाईत असे कितीतरी वाडे उतरले. प्रत्येक ठिकाणी वारसा, जागेचा वाद, भाडेकरू, बिल्डर यांची चर्चा होते. लाकडाची होत नाही. म्हणून मला एकच गोष्ट मांडायची आहे : पाडलेल्या घराचं लाकूड हा राडारोडा नाही. ते बांधकामाचं तयार साहित्य आहे, आणि त्याची नोंद केल्याशिवाय पाडकामाची परवानगी मिळता कामा नये.

याचा पुरावा सांगलीकरांनी डोळ्यांनी पाहिलेला आहे. पाणी उतरल्यानंतरचा तो आठवडा आठवा. गल्लीगल्लीत घरांपुढे ढीग लागले होते. ढिगात काय होतं? फुगून पापुद्रे सुटलेलं प्लायवूड, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे चुरा होणारे भुश्याच्या बोर्डाचे टीव्ही युनिट, तळ गळून पडलेली मॉड्युलर किचनं. काहींचे तर हप्तेही फिटले नव्हते. आमच्या आजीचं सागवानी कपाट त्याच पाण्यात तितकेच दिवस होतं. आम्ही ते चौकात ओढलं, नळीनं चिखल धुतला, दारं उघडी ठेवून सावलीत महिनाभर वाळू दिलं. एका दाराला थोडा पीळ आला, तो मिस्त्रींनी रंधा मारून काढला. आज त्यात माझी पुस्तकं आहेत. २००५ चा पूर त्यानं पाहिला, २०१९ चा पाहिला, २०२१ मध्येही त्याच्या पायाला पाणी लागलं. पूर पुन्हा येणार हे ज्या शहराला ठाऊक आहे, त्यानं पुरात टिकणारं लाकूड भट्टीत घालावं आणि दर पुरानंतर नवं प्लायवूड आणावं, हे मला कोणत्याही हिशेबात बसवता येत नाही.

सागवान टिकतं त्यालाही कारण आहे. त्याच्या गाभ्याच्या लाकडात तेल असतं आणि वाळवीला न मानवणारी द्रव्यं असतात. सालीलगतच्या फिकट लाकडात ही ताकद नसते. जुन्या वाड्यांतल्या तुळया मोठ्या, पूर्ण वाढलेल्या झाडांच्या गाभ्यातून काढलेल्या आहेत. आज बाजारात सागवान म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं इक्वेडोर, घाना अशा देशांतल्या लागवडीतून जहाजानं येतं. वीस-पंचवीस वर्षांत तोडलेल्या झाडात गाभा कमी आणि पांढरं लाकूड जास्त. बर्मी सागवानाचं नाव अजून निघतं, पण म्यानमारनं १ एप्रिल २०१४ पासून न चिरलेल्या ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. म्हणजे आपण परदेशातलं कोवळं लाकूड विकत आणतो आणि गल्लीतलं पक्कं लाकूड जाळतो.

लाकूड वापरणं म्हणजे झाडं तोडणं, ही आपल्या मनातली समजूत मला यात सगळ्यात मोठी अडचण वाटते, कारण ती चांगल्या हेतूनं आलेली आहे. जंगलं वाचावीत म्हणून केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्यानं १९९३ मध्ये सरकारी बांधकामात लाकूड वापरण्यावर बंदी घातली. ती २०२० मध्ये उठली. मधल्या सत्तावीस वर्षांत इंजिनिअरांच्या एका अख्ख्या पिढीनं खिडकी म्हणजे ॲल्युमिनियम आणि चौकट म्हणजे लोखंडी, असंच शिकून घेतलं. आपल्या देशात एक टन पोलाद तयार होताना दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. उभं झाड वाचवण्याचा आग्रह माझाही आहे. पण आमच्या माजघरावरची तुळई हे उभं झाड नव्हतं. ते झाड पणजोबांच्या काळातच तोडलं गेलं. आता त्याचं काय करायचं एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याला भट्टी हे उत्तर झाड वाचवणाऱ्यांना तरी पटू नये.

आपल्या लोकांना हे कोणी शिकवायची गरज नव्हती. घर उतरवलं की वासे, आढं, चौकटी नव्या घराला लावायच्या, ही रीतच होती. धरणात गाव गेलं की माणसं घराचं लाकूड गाडीत घालून नव्या गावठाणात नेत. नवं घर जुन्या दारानं सुरू होई. मिरजेत सतारमेकर गल्लीत आजही कोणी कारागीर लाकूड पारखत असेल तर उभं राहून बघावं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपण अभिमान बाळगतो. त्या वाद्यांसाठी तुणीच्या झाडाचं लाकूड मुरवावं लागतं, ओलं लाकूड चालत नाही, कारण ते पुढे आकसतं, पीळ घेतं आणि सूर बिघडवतं. मुरलेल्या लाकडाची किंमत ज्या शहराला दीडशे वर्षं कळते, तिथेच पेठेतला मुरलेला कडीपाट, म्हणजे कड्या-फळ्यांचं लाकडी छत, टनावर विकला जावा?

आता अडचणींबद्दल. त्या खऱ्या आहेत. ज्या दोन तुळया शाबूत राहिल्या त्या मी ठेकेदाराकडून पैसे देऊन परत घेतल्या, म्हणून त्या मला जवळून कळल्या.

पहिली अडचण खिळ्यांची. जुने सांधे खाच पाडून, लाकडी खुंटी ठोकून केलेले होते, पण नंतरच्या पिढ्यांनी विजेच्या पट्ट्या, झोपाळ्याच्या कड्या, कॅलेंडरं यांसाठी खिळे मारले. एक खिळा लाकडात राहिला तर सॉ मिलचं पातं तुटतं. पहिल्या दोन सॉ मिलवाल्यांनी माल बघताच हात जोडले आणि मी त्यांना दोष देत नाही. आमच्या मिस्त्रींनी हातात धरायचं मेटल डिटेक्टर कुठूनसं आणलं, खडूनं खुणा केल्या, दोन दिवस बसून सत्तेचाळीस खिळे काढले. प्रत्येक खिळ्याभोवती शाईच्या थेंबासारखा काळा डाग होता. मग तिसऱ्या सॉ मिलनं माल घेतला.

दुसरी गोष्ट टोकांची. तुळईची टोकं भिंतीत असतात, भिंतीत ओल असते, म्हणून ती तिथेच कुजते. आमच्या तुळयांची दोन्ही टोकं बोटानं उकरता येत होती. मिस्त्रींनी सुताराच्या वाकसानं टकटक करत आवाज ऐकला. जिथे पोकळ वाजायचं थांबलं तिथे रेघ मारली. दोन्हीकडून सव्वा-सव्वा फूट गेलं, मधलं साडेनऊ फूट निर्मळ निघालं. रंधा लागला तसा सगळ्या अंगणात वास सुटला. "ह्यो वास बघा, ताई," मिस्त्री म्हणाले, "नव्या मालाला येतोय का?"

तिसरी गोष्ट रंगाची आणि ती मला गंभीर वाटते. जुन्या दारा-खिडक्यांवरच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता मोठी. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगांवर असा धाक नव्हता. असं दार कोरडं घासलं की शिशाची धूळ उडते आणि जाळलं की धुरातून बाहेर पडतं. रंग काढायचा तर ओला करून, तोंडाला चांगला मास्क लावून, लहान मुलं जवळ नसताना. वीटभट्टीवर किंवा बेकरीत रंगीत लाकूड जाळणाऱ्या मजुराला हे कोणी सांगत नाही. लाकूड भट्टीत जाऊ नये, याला कार्बनइतकंच हेही कारण आहे.

आणि जुनं ते सगळंच मजबूत, हा भ्रमही नको. शंभर वर्षं भार वाहिलेली तुळई खाली झुकलेली असते, तिला चिरा असतात, कुठे भुंगा लागलेला असतो. तिच्यावर पुन्हा स्लॅबचा भार टाकायचा असेल तर गाठी, चिरा, धाग्यांची दिशा तपासून इंजिनिअरनं हिशेब केला पाहिजे. त्यासाठी लाकडी बांधकामाच्या हिशेबाचं भारतीय मानक ८८३ आहे. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप ज्या भागानं सोसला, तिथे भाराच्या बाबतीत अंदाजपंचे चालणार नाही. पण भार वाहण्याच्या कामातून निवृत्त झालेल्या लाकडाला दुसरी कामं भरपूर आहेत. तुळईतून दारं-खिडक्यांच्या चौकटी निघतात, जिन्याच्या पायऱ्या निघतात. कडीपाटाच्या फळ्यांतून टेबलं, फडताळं, कपाटाची दारं होतात. बाभळीचे, ऐनाचे वासे अंगणातल्या मांडवाला चालतात. फूट-दीड फुटाचे तुकडे उरले तर पाट, चौरंग, बाकडी. नव्या घराचा सांगाडा काँक्रीटचाच राहू दे. मी त्याच्याशी भांडत नाही. फक्त घराचा नकाशा काढण्याआधी वास्तुविशारदानं हाताशी कोणत्या मापाचं लाकूड आहे ते मोजावं, आणि खिडकीची उंची त्या मापावरून ठरवावी. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात पाडलेल्या घरांची दारं-खिडक्या नव्या घरांत अशीच बसवली. चेन्नईजवळच्या दक्षिणचित्र या संग्रहालयात तर जुनी घरंच खुणा करून उतरवली आणि पुन्हा उभारली.

इथे एक भीती बोलून दाखवली पाहिजे. जुन्या लाकडाला भाव आला की उभा, राहता वाडा केवळ लाकडासाठी मोडला जाईल. कोरीव गणेशपट्टी, सुरूच्या आकाराचे खांब, दिंडी दरवाजे यांच्यावर डोळा ठेवून फिरणारे व्यापारी आत्ताच आहेत. म्हातारी एकटी राहते असं हेरून ते दारात येतात आणि दुसऱ्या खेपेला टेम्पो घेऊन येतात. तो खांब मग कुठल्यातरी रिसॉर्टच्या स्वागतकक्षात उभा राहतो, आणि इकडे माडी टेकूवर. शंभर वर्षांहून जुनी कोरीव वस्तू पुरावशेष ठरते आणि १९७२ च्या कायद्यानं ती देशाबाहेर नेता येत नाही. पण देशातल्या देशात ती दारातून उचलून नेणाऱ्याला कोण अडवतं? वाईजवळच्या मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा अठराव्या शतकापासून लाकडासकट उभा आहे. जिथे वाडा वाचतो तिथे त्याची दुरुस्तीच झाली पाहिजे. मी म्हणते ते ज्यांचा निकाल आधीच लागला आहे त्या घरांबद्दल, आणि कोरीव खांबांपेक्षाही साध्या, बिननक्षीच्या, काळ्या पडलेल्या कड्यांबद्दल. खांबाला गिऱ्हाईक मिळतं. कडीला भट्टीच मिळते.

कायदा याबाबत काय म्हणतो ते मी मुद्दाम पाहिलं. बांधकाम आणि पाडकाम कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांहून जास्त कचरा करणाऱ्यानं तो चार प्रकारांत वेगळा करावा असं होतं. त्यात लाकूड कुठे होतं? पोलाद आणि प्लास्टिकबरोबर एकाच प्रकारात. त्यांच्या जागी आलेले २०२५ चे नवे नियम तर २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांवर जबाबदारी टाकतात. गावभागातला एकही वाडा त्या मापात बसणार नाही. पण केंद्रीय बांधकाम खात्याची दरसूची उघडली तर पाडकामाच्या बाबींत 'वापरण्याजोगं साहित्य वेगळं रचून ठेवणं', तेही ५० मीटरच्या आत, असे शब्द वर्षानुवर्षं छापलेले आहेत. म्हणजे घर उतरवताना त्यातून वापरायचं साहित्य निघतं, हे सरकारी कागदाला माहीत आहे. शहराच्या परवानगीच्या कागदावर मात्र त्याचा उल्लेख नाही.

तो यावा. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक घराची नोटीस निघते, तिच्यासोबत एक पानाचा तक्ता जोडावा : तुळया किती, कड्या किती, फळ्या, दारं, चौकटी किती आणि कोणत्या लाकडाच्या. मालकानं तो भरून दिल्याशिवाय पाडकामाला मंजुरी नको. घर आज-उद्या कोसळेल अशी स्थिती नसेल तर यंत्र लागण्याआधी दहा-बारा दिवस हातानं उतरवायला मिळावेत. आधी कौलं, मग रिपा आणि वासे, मग कडीपाट, मग तुळया, शेवटी खांब. सांगली-मिरज-कुपवाडला महापालिका १९९८ पासून आहे. पुरात न येणारी एखादी जागा आणि पत्र्याची शेड एवढं ती देऊ शकते. तिथे माल उतरावा, त्याला नंबर पडावा, घनफुटावर विकला जावा. खिळे काढायला आणि माल पारखायला आयटीआयच्या सुतारकामाच्या मुलांना शिकवावं. हे काम हातांचं आहे, आणि हात इथे आहेत.

लोक म्हणतील, मजुरी कोण देणार? जेसीबी चार दिवसांत काम उरकतो, हातानं तिप्पट वेळ लागतो, हे मान्य. पण 'जुना माल ठेकेदाराचा' ही ओळ लिहून आम्ही चोवीस घनफूट सागवान आणि बाकी सगळं फुकट देऊन टाकलं होतं. ते माझ्या नावावर राहिलं असतं तर त्यातून मजुरीचा मोठा भाग सुटला असता. प्रत्येक वाड्याचं गणित असं जमेलच असं मी म्हणत नाही. जिथे लाकूड आंब्याचं किंवा भुंग्यानं पोखरलेलं, तिथे जमणार नाही, आणि ते सरपणात गेलं तर माझी हरकत नाही. पण गेल्यावर कळण्यापेक्षा मोजून ठरवावं.

त्या दोन तुळयांचं जेवणाचं टेबल झालं. पॉलिश आम्ही केलं नाही, नुसतं तेल लावलं. एका कडेला झोपाळ्याच्या कडीचं भोक आहे, ते बुजवू नका असं मी मिस्त्रींना सांगितलं होतं. माझ्या मुलीला त्यात पेन्सिल उभी करायला आवडतं.

उन्हाळा संपत आला की नोटिसा निघतात. आमच्याच गल्लीत आणखी दोन वाड्यांना यंदा आली आहे. त्यातल्या एका घरच्या काकूंनी परवा बोलावलं आणि विचारलं, "तू ते लाकूड मोजतेस म्हणे?" रविवारी सकाळी मिस्त्रींना घेऊन जायचं ठरलंय. टेप, खडू आणि वही घ्यायची आहे. करारावर त्यांनी अजून सही केलेली नाही.